ढगातले आठ सेकंद

तिनं कोपर वर केलं, एवढंच झालं. मी तिच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवायला हात उचलला आणि त्या मुलीनं डोळे गच्च मिटले, मान खांद्यांत ओढली आणि उजवं कोपर कपाळापुढे धरलं. सव्वातीनशे पोरं खदखदून हसली. दहा वर्षांची असेल नसेल. अंगात दोन वर्षं पुढच्या मापाचा स्वेटर, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. मी बावीस वर्षं हा धंदा करतोय. शाळांच्या पोरांसमोर फुगे पेटवतो, गोठवलेले चेंडू फोडतो, डब्यांची झाकणं छताला मारतो आणि मधूनमधून विज्ञान सांगतो, म्हणून पोरं मला धडामकाका म्हणतात. हशा आला की माझे कान टवकारतात. तो कशाला आला हे नंतर बघू, आधी तो परत कसा आणायचा ते बघायचं. आमच्यात नियमच आहे तसा. एकदा हसले तर चूक, दुसऱ्यांदा हसले तर गंमत, तिसऱ्यांदा हसले की टाळी. नव्या लोकांना मीच हे शिकवतो, मोठ्या तोऱ्यात. तेव्हा मी काय केलं असेल? चष्मा खाली घेतला, पोरांकडे बघून भुवया उडवल्या आणि पुन्हा हात उचलला. पुन्हा कोपर. पुन्हा हशा, ह्या वेळी पार मागच्या रांगेपासून. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी एक पाय मागे टाकला, खाली वाकून तिच्या तोंडाशी तोंड नेलं, डोळे वटारले आणि पंजा पसरून हात चांगला डोक्याच्या वर नेला. कोपर वर आलंच नाही. टेबलावर चेंडू फोडायची लाकडी हातोडी पडलेली होती. ती तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली.

दुखण्याआधी आवाज आला, आतून, कवटीतून. मग तोंडभर कोमट खारट पाणी आणि जिभेवर एक खडा. माझा पुढचा दात. पोरं हसतच होती, त्यांना वाटलं हेही ठरलेलंच. पडद्याआड उभ्या असलेल्या माझ्या मदतनिसानं मात्र रक्त पाहिलं. त्याला आम्ही धूरवाला म्हणतो. मी बारा वर्षं त्याच्या डोक्यात जे भरवलं तेच त्यानं इमानेइतबारे केलं: मंचावर काही बिघडलं की ढग सोडायचा. मोठ्या परातीत कढत पाणी तयारच असतं. त्यात द्रवरूप नायट्रोजनचं भांडं उपडं केलं की पांढराफटक ढग उसळतो आणि मंच आठ सेकंद नाहीसा होतो. आठ सेकंदांत फुटलेली काच लाथेनं टेबलाखाली सारता येते, रडणाऱ्या पोराचं नाक पुसता येतं. एकदा माझ्या पँटचं बटण तुटलं होतं, तेही ह्या ढगानं निभावून नेलं. "ढऽऽग!" करून सव्वातीनशे गळे किंचाळले आणि त्या पांढऱ्यात मी आणि ती मुलगी दोघंच उरलो. मला तिचा चेहरा दिसत होता आणि हातोडी दिसत होती. ती रडत नव्हती. नुसती बघत होती, आता काय करतोस बोल, असं. मी तिच्या थोबाडीत मारली. भान सुटलं, हात निसटला, असलं काही सांगत नाही मी. अंतर बघून, हात मागे नेऊन, जीव खाऊन मारली. दोनशे माणसांच्या भांडणात मागून एक दगड मारून घ्यावा तसं मला त्या क्षणी बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. तो आवाज पोरांच्या आरडाओरड्यात बुडून गेला. ती दोन पावलं हेलपाटली, पण पडली नाही. हातोडी तिनं होती त्याच जागी नीट ठेवून दिली. ढग खाली बसला तेव्हा मी तोंडावर रुमाल दाबून, कमरेत वाकून सगळ्यांना सलाम करत होतो आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

मग धावपळ. वर्गबाई धापा टाकत मंचावर आल्या, त्यांनी मुलीच्या दंडाला धरून तिला खाली नेलं आणि "काय केलंस हे, काय केलंस हे" असं जिना उतरेपर्यंत म्हणत राहिल्या. मुलीचा एक गाल लाल होता. सगळं जग माझ्या रक्ताकडे बघत होतं. पलीकडच्या दवाखान्यातल्या माणसानं तोंडात कापूस कोंबला, दात गेला म्हणाला, ओठ शिवावा लागेल म्हणाला, आणि शिवलाही. दीड वाजता मी आमच्या विज्ञान केंद्राच्या संचालिकेच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो आणि माझा डावा तळहात चुरचुरत होता. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी डाव्या हातानं मारली. मी उजखुरा माणूस. लिहितो उजव्यानं, जेवतो उजव्यानं, बायकोशी भांडताना बोट नाचवतो तेही उजव्या हाताचं. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच दुकान, काचेचं टेबल, त्यावर दिवा, आणि डोळ्यात अडकवलेलं भिंग. ते मला हाक मारायचे, "इकडे ये, बघ गंमत." घड्याळाचं पोट उघडं असायचं. "हे चाक असं फिरलं तर ते पलीकडचं कुणीकडे फिरेल?" बरोबर सांगितलं तर पुढचा प्रश्न. चुकलं तर थोबाडीत, आणि पुन्हा तोच प्रश्न. मारायचे डाव्या हातानं. कारण विचारायची आमची टाप नव्हती, पण त्यांनी एकदा आपणहून सांगितलं होतं, आईला, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या सहज: उजवा हात पोटाचा आहे, त्याला कंप सुटला तर खायचं काय. मला दातेरी चाकं अशी पाठ झाली. लोक मला विचारतात, धडामकाका, तुम्हाला विज्ञानाची गोडी कशी लागली? मी म्हणतो, घरातच वातावरण होतं. ते हसतात, मीही हसतो.

संचालिका माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हुशार बाई, आणि मनानं स्वच्छ. ती आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तिनं आल्या आल्या सांगितलं, पोरं नुसती बघायला बसवायची नाहीत, त्यांचे हात लागले पाहिजेत. प्रत्येक प्रयोगाला निदान बारा मुलं मंचावर आली पाहिजेत, आणि त्यातली निम्मी हात वर न करणारी. "जी हात वर करतात ती कुठंही शिकतील," ती म्हणाली होती, "मला ती दुसरी हवीत." मी धूरवाल्याला म्हटलं, घ्या, आता पोरं सांभाळायची का प्रयोग करायचे? पण तिचं खरं निघालं. एक तोतरं पोर मंचावर येऊन हवेची तोफ डागून गेलं आणि परत जागेवर जाईपर्यंत न अडखळता बोलत राहिलं. त्याची आई दाराशी रडत उभी होती. त्या दिवसापासून मी ह्या कामात पडलो आणि सगळ्यांच्या वरताण झालो. हात वर न करणारं पोर हुडकायची माझी नजर तयार झाली. जे पोर बुटांकडे बघतं ते नव्हे, ते नुसतं लाजाळू असतं. जे शेजारच्याला पुढे करतं तेही नव्हे. आज मी सभागृहावर नजर फिरवली आणि चौथ्या रांगेत ही दिसली. ती स्वतःच्या हातांवर बसली होती. दोन्ही पंजे मांड्यांखाली घालून. मला आनंद झाला, काय सांगू, बाजारात एका दृष्टिक्षेपात चांगली वस्तू दिसावी तसा. मी म्हटलं, ती, स्वेटरवाली. वर्गबाई उठून म्हणाल्या, "तिला नको हो काका, ती येत नाही कशात." बाईंनी मला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि मी माइक पोरांकडे वळवून ओरडलो, "येणार की नाही?" सव्वातीनशे पोरं ओरडली, "येणार!" मी म्हटलं, ऐकू नाही आलं. "येऽणाऽर!" शेजारच्या दोघींनी तिला काखेत धरून उभं केलं. पुढच्यांनी पाय आखडून वाट करून दिली. एवढ्या गर्दीपुढे कोण नाही म्हणेल? मी तरी म्हटलं असतं का?

"काका, सही," संचालिका म्हणाली आणि तिनं कागद पुढे सरकवला. अपघात झाला की भरायचा छापील कागद. तिनं तिच्या नेटक्या अक्षरात भरून आणला होता. चष्मा देत असताना सहभागी मुलीनं काही कारण नसताना हातोडीनं प्रहार केला. निवेदकानं संयम राखून प्रयोग पूर्ण केला. संयम हा शब्द वाचून माझ्या शिवलेल्या ओठाला कळ आली. काचेच्या भिंतीपलीकडे बाकावर ती मुलगी बसली होती, पुन्हा हातांवर. वर्गबाई तिच्याशेजारी, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. "शाळा म्हणते आहे तिला आठ दिवस घरी बसवायचं," संचालिका म्हणाली. "वडिलांना बोलावलंय, निघालेत ते. मला खरं तर वाईट वाटतंय तिचं. पण हातोडी म्हणजे काही कमी नाही हो. डोळा गेला असता तुमचा." मी मान डोलावली. तोंडात कापूस होता, बोलायला नको होतं, केवढी सोय. मी विचार करत होतो, कुणी पाहिलं नाही. धूरवाल्यानंसुद्धा पाहिलं नाही, तो परातीवर वाकलेला होता. ती बोललेली नाही, बोलायची असती तर एव्हाना बोलली असती. गाल उतरेल संध्याकाळपर्यंत. मी सही केली की मी बिचारा. सही नाही केली तर मी पोरांवर हात टाकणारा, ह्या वयात, ह्या कामात, आणि मग कोण मला पोरांसमोर उभं करील? कुणीच नाही, आणि बरोबरच आहे. मला दुसरं काही येत नाही. मला घड्याळंसुद्धा येत नाहीत, ती मी मुद्दाम विसरलो.

आणि घरी बसवायचं म्हणजे कुठं बसवायचं? हे कोपर मी ओळखतो. हसलेल्या सव्वातीनशेंपैकी दोन-चार पोरांनी नक्की ओळखलं असणार आणि तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली असणार. मी ते पहिल्यांदाच ओळखलं होतं, ही माझी खरी गोष्ट आहे. आता खुर्चीत बसून कळलं असं नव्हे. पहिलं कोपर वर आलं त्या क्षणी मला ते कळलं होतं, आणि त्याच्यावरून हशा गेला, आणि मी हशाच्या मागे गेलो. माझ्या मुलाचंही असंच कोपर होतं. त्याला मी किती वेळा मारलं? मी म्हणतो चार वेळा. बायको म्हणते, "तुम्हाला चारच आठवतात." पंधराव्या वर्षी त्यानं कोपर वर करणं सोडलं आणि माझ्यात नि स्वतःत टेबल ठेवायला लागला. मी इकडून आलो की तो तिकडून. बायको एकदा म्हणाली, "पोरगा घरात वळसे घालत चालतो, तुमच्या लक्षात येतंय का?" मी म्हटलं, काहीतरीच तुझं. आता तो दुसऱ्या शहरात असतो, आईला रोज फोन करतो, आणि मी फोन घेतला की म्हणतो, बरा आहे, ठेवतो. मी पोरांचा लाडका धडामकाका. भर बाजारात परकी पोरं येऊन माझ्या कमरेला मिठ्या मारतात आणि बायको शेजारी उभी राहून भाजी निवडत राहते. एक शब्द बोलत नाही, एवढं मात्र कौतुक आहे तिचं.

मुलीचे वडील आले. मी दारात कुणीतरी लालबुंद डोळ्यांचा, दांडगा माणूस यायची वाट बघत होतो. वाट कसली, आशाच धरून होतो, म्हणजे मला त्याची किळस करता आली असती. आला तो एक सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातला, मऊ बोलणारा माणूस. त्यानं बूट पायपुसण्यावर दोनदा पुसले. संचालिकेला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तसदी झाली." मला म्हणाला, "सर, मला तोंड दाखवायला जागा नाही. खूप दुखतंय का हो?" त्याच्या डोळ्यांत खरोखर काळजी होती. मुलीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. बाईंनी तिला आत आणून दाराशी उभं केलं आणि बाकीची पोरं बसमध्ये खोळंबलीत म्हणून त्या निघून गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवत. मग हसून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे. घरी बघतो मी हिच्याकडे."

ती मुलगी दाराशी उभी होती. तिनं हात वर नेला आणि केसांतली पत्र्याची पिन काढली. आधी डाव्या बाजूची, मग उजव्या बाजूची. दोन्ही पिना मिटवून तिनं स्वेटरच्या खिशात ठेवल्या आणि खिसा वरून दाबून पाहिला. बस, एवढंच. संचालिका कागद लावत होती, तिला काय दिसणार? मला मात्र कळलं. पिन डोक्यात रुतते. केस धरून डोकं भिंतीकडे नेलं की आधी पिन रुतते, म्हणून ती आधी काढून ठेवायची. कुणी शिकवत नाही हे. माझ्या वडिलांनी डोळ्यातलं भिंग काढून काचेवर ठेवलं की त्याचा टक आवाज व्हायचा, आणि त्या आवाजासरशी मी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून खिडकीत ठेवायचो, कारण खाली पडलं की ती छातीत घुसायची. आईनं एकदा पाहिलं होतं मला पेन्सिल ठेवताना. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिनं नळ सोडला. आयुष्यभर मला आईचा राग आला नाही, आणि इथं, त्या खोलीत, चाळीस वर्षांनी असा राग आला की माझे कान गरम झाले. नळ काय सोडतेस? नळ काय सोडतेस, अगं?

मी बोट घालून कापूस काढला. त्याच्याबरोबर रक्ताची तार लोंबली, ती मी बाहीला पुसली. "मी मारलं हिला," मी म्हटलं. संचालिकेनं मान वर केली. "ढग सोडला तेव्हा. आत. थोबाडीत मारली, डाव्या हातानं. गाल बघा तिचा. आणि कारण नसताना नाही मारलं हिनं. ती घाबरून डोकं झाकत होती आणि मी तिला तीनदा घाबरवलं, पोरं हसत होती म्हणून. हातोडी नंतर आली." संचालिकेचा चेहरा पांढरा पडत गेला, मला पुरेपूर कळत होतं की ह्या घटकेला मी तिच्यासाठी संपलो, आणि तरी ते ओझं उतरल्यासारखं होईल, छाती मोकळी होईल, असं जे काही मला वाटलं होतं त्यातलं काही झालं नाही. मी त्या माणसाकडे बघत होतो. आता हा उठेल, माझी गचांडी धरेल, माझ्या पोरीला हात लावलास म्हणून ओरडेल. मार, मी मनात म्हणत होतो, अरे बाप आहेस ना, मार मला, दुसराही दात पाड.

तो हसला. त्याचे खांदे सैल झाले. इतका वेळ तो परक्या लोकांत अवघडून बसला होता आणि आता त्याला ओळखीचं माणूस भेटलं. "अहो सर, मग एवढं काय मनाला लावून घेता?" तो म्हणाला. "बरं केलंत. मी तर म्हणतो बरंच केलंत. हल्ली कुणी हात लावत नाही, म्हणून तर शेफारतात. माझ्या एकट्याच्यानं किती होणार?" तो उठून माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं. "तुम्हाला कळतं. आपल्याला काय हौस असते का हो? आपल्यालाच नंतर वाईट वाटतं."

आपल्याला. तो हात कोरडा होता, उबदार होता, नखं नीट कापलेली होती. माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय झालं ते सगळं सांगण्यासारखं नाही. मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. मी हातोडी मागवली. मी त्याचा हात नायट्रोजनच्या भांड्यात मनगटापर्यंत बुडवला आणि मग एक एक बोट. हे सगळं मी बसल्या जागी, त्याचा हात खांद्यावर असताना, अर्ध्या मिनिटात केलं, आणि मला पुन्हा बरं वाटायला लागलं, ढगात वाटलं होतं तसंच, अगदी तेच. मग मी दाराकडे पाहिलं. ती मुलगी त्याच्या हाताकडे बघत होती, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा त्याच्या. आम्हा दोघांचे चार हात होते, आणि त्यातला आधी कुठला उठतो ह्यावर तिची नजर होती. माझेही दोन त्यातच होते. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, पंजे उघडे, तिला दिसतील असे.

"मॅडम, तो कागद द्या," मी म्हटलं. मी 'कारण नसताना' ह्या शब्दांवर काट मारली. 'संयम' ह्या शब्दावर दोनदा मारली. खाली मी काय केलं ते लिहिलं. "आता फोन लावा," मी म्हटलं. "पोलिसांत लावा, मुलांसाठी जे कुणी असतात त्यांना लावा. माझं सांगा. आणि हिला घरी मारतात तेही सांगा." संचालिका म्हणाली, "काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय...?" मी म्हटलं, "माझी नोकरी गेली, ते झालं. फोन लावा." तो माणूस अजून हसतच होता, पण आता हसू एकाच बाजूला उरलं होतं. "ह्यांच्या डोक्याला लागलंय वाटतं," तो म्हणाला. "चल गं बाळा." त्यानं तिच्या दंडाला धरलं, स्वेटरवरून, कोपराच्या जरा वर, आणि बोटं अशी काही आत दाबली की तिचं तोंड आपोआप उघडलं. आवाज आला नाही. मी उठून त्याचं मनगट धरलं. "सोडा." तो म्हणाला, "माझी मुलगी आहे." मी म्हटलं, "सोड." मऊ आवाजाचा तो माणूस एका झटक्यात वळला आणि त्यानं मूठ बरोबर माझ्या शिवलेल्या ओठावर मारली, त्याला ठाऊक होतं कुठं मारायचं. टाके उसवले. मी टेबलावर पडलो, कागदावर रक्त सांडलं, तो पुन्हा हात उचलत होता आणि मी त्याच्या पोटात डोकं घालून त्याला काचेच्या भिंतीवर दाबून धरलं. तो माझ्या पाठीवर, मानेवर, कानावर मारत होता. मी मारलं नाही. जिथं होतो तिथं चिकटून राहिलो आणि दोन्ही हात त्याच्या कमरेमागे एकमेकांत गुंतवून ठेवले. माझा स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता. धूरवाला धावत आला, त्याच्यामागे रखवालदार. दोघांनी मिळून त्याला माझ्यापासून सोडवलं आणि बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथून तो अतिशय सभ्यपणे सांगत होता की हा सगळा गैरसमज आहे.

संचालिकेनं दार लावून घेतलं. तिनं फोन उचलला, नंबर फिरवला, आणि पलीकडे कुणाशी तरी स्पष्ट आवाजात बोलली. ठेवला. "येताहेत," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी जमिनीवरचं पेन उचललं, दुसरा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहायला लागलो. "मुलीला घरी वडील..." अक्षर गिचमिड येत होतं, हनुवटीवरून थेंब पडत होते.

मुलगी टेबलापाशी आली. माझ्यापासून लांबच्या बाजूनं, टेबल मध्ये ठेवून. तिनं कागद उलट्या बाजूनं वाचला.

"तुम्ही नका लिहू," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज मी ऐकला. जाडसर होता, मला वाटलं होतं त्याहून मोठा. "ह्या लिहितील. मी सांगते."

मी पेन खाली ठेवलं. मी तिला दिसत राहीन इतपत मागे सरकलो. संचालिका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली, पेन घेतलं आणि म्हणाली, "सांग, कुठून सुरू करू?"

मुलीनं काचेपलीकडे पाहिलं. तो बाकावर बसून शर्टाची बाही नीट करत होता.

"आधी आईचं लिहा," ती म्हणाली. "ती जिन्यावरून पडली नव्हती."